जांभळं कार्ड

आटगावच्या कुणालीला कुणी विचारलं, काय काम करतेस गो शहापूरला, की ती सांगायची, रंग लावते. मग पुढची बाई हमखास म्हणायची, अगो मग आमच्या ओट्याला पण लाव की येत्या गणपतीत. कुणाली हसून सोडून द्यायची. समजावून सांगायच्या भानगडीत ती पडत नसे. एकदा तिनं आईला, हिराबाईला, सगळं सांगून बघितलं होतं, की मोबाइलातल्या अॅपात जी बटणं असतात, पट्ट्या असतात, चौकटी असतात, त्यांना रंगरूप द्यायचं काम आपण करतो. हिराबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग ब्रश कुठं ठेवतेस?"

शहापुरात एसटी स्टँडच्या मागे मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे, त्याच्यावरच्या खोलीत प्रणयचं ऑफिस. प्रणयचा धंदा मोठा अक्कलहुशारीचा. एकच तयार अॅप कुठूनतरी आणायचं आणि शाळेला ते शाळेचं म्हणून, डेअरीला डेअरीचं म्हणून, माळशेजकडच्या रिसॉर्टला रिसॉर्टचं म्हणून द्यायचं. वर सांगायचं, साहेब, खास तुमच्यासाठी बनवलंय. आत हाडं तीच. वरची कातडी बदलायची कुणालीनं, आणि कौतुक व्हायचं प्रणयचं. आता हे असंच चालतं, त्यात नवल ते काय.

पण पोरीच्या हातात गुण होता, हे कबूल करायलाच हवं. रंग ठरला की ती मोबाइल घेऊन बाहेर जिन्यावर भर उन्हात जाऊन उभी राहायची. अक्षर वाचता आलं तर ठीक, नाहीतर परत आत येऊन रंग गडद. आपल्याकडची माणसं मोबाइल बघतात ती बांधावर, नाक्यावर, टेम्पोच्या मागे उभं राहून. थंड खोलीत बसून बघणारा इथं आहे कोण? बटणंही ती मोठी ठेवायची, कारण चिखलात भेगाळलेल्या बोटाला बारीक बटण दाद देत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सासरी दोन वर्षं भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, तिची स्वतःची बोटं तशी झाली होती.

सासर संपलं तेही आवणीतच. नवरा, अक्षय, गुडघाभर पाण्यात दहा दिवस राबला, ताप आला, अंगावर काढला, आणि शहापूरच्या दवाखान्यात नेईतो लेप्टोनं त्याला संपवला. कुणाली तेव्हा पंचवीसची. दिराजावांनी वर्षभर ठेवून घेतली, मग एके दिवशी आटगावला आणून सोडली. जाऊ म्हणाली, थोडे दिवस आईकडं राहा. त्या थोड्या दिवसांना आता चार वर्षं झाली.

तर एका मार्चमध्ये समाजाच्या मंडळाचे देवजीनाना मुरबाडहून प्रणयकडे आले. मंडळाला वधूवर अॅप पाहिजे होतं. म्हणजे मुलामुलींची कार्डं, कार्डावर फोटो, नाव, गाव, शिक्षण, खाली फोन लावायचं बटण. बोटानं कार्ड सारलं की पुढचं येणार. कुणालीनं आठवड्यात तयार केलं. नाना खुर्चीत रेलून बघत होते, बघता बघता म्हणाले, "सगळं बरं हाय, पण पाटाच्या पोरींचा रंग येगळा ठेव."

पाट म्हणजे विधवेचं नाहीतर सोडलेलीचं दुसरं लग्न. आमच्यात ते पूर्वापार चालत आलंय आणि त्याचा टेंभा मिरवायला लोकांना फार आवडतं, की बघा, आमच्यात बाईला पुन्हा संसार मांडता येतो. येतो ना. कसा येतो तेही सांगा की. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद लावायला सवाष्ण पुढं होत नाही, चार माणसांत उरकून टाकायचं, आणि मग ती बाई म्हातारी होऊन मरेपर्यंत 'पाटाची'.

"कशाला नाना?" कुणालीनं विचारलं. "कार्डावर 'पुनर्विवाह' लिहिलंय ना."

"लिवलेलं कोण वाचतंय? लोकं फोटो बघतात, खूश व्हतात, फोन लावतात, आणि मंग कळतं. मंग शिव्या मंडळाला. त्यांची कार्डं जरा फिकट ठेव. राखाडी बिखाडी."

"आणि बिजवरांची?"

नाना हसले. "बाप्याला काय डाग लागतो काय गो?"

समोर बसलेली पोर स्वतः विधवा आहे हे नानांना माहीत नव्हतं. कपाळावर तिच्या बारीक काळी टिकली असायची. प्रणयला माहीत होतं, पण प्रणय तेव्हा आपल्या मोबाइलात काहीतरी अतिशय महत्त्वाचं बघत होता.

कुणालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती बोलली ती कामाचं बोलली. तिनं सांगितलं की अॅपात राखाडी रंग म्हणजे बंद. जे बटण दाबता येत नाही ते राखाडी करतात, माणसाच्या बोटाला ती सवय झालेली असते. राखाडी कार्डाला कुणी हातच लावणार नाही, मग ठेवायचं तरी कशाला? नानांना ते पटलं. "मंग दुसरा कुठला ठेव. पण येगळा पायजे."

कुणालीला वाटलं, जिंकले. दोन दिवस ती त्या एका रंगापायी बसली. लग्नाच्या वर्षी अक्षयबरोबर ती माहुलीच्या डोंगरात गेली होती, कारवी फुललेली बघायला. सात वर्षांतून एकदा फुलते ती. तो रंग तिनं आठवून आठवून स्क्रीनवर आणला. फिकट जांभळी पार्श्वभूमी, कडेला गडद जांभळी रेघ, अक्षरं जवळजवळ काळी. सगळ्या अॅपात तेवढी कार्डं नजरेत भरावीत, बघणाऱ्यानं थांबावं, असं तिच्या मनात होतं. प्रणयसुद्धा म्हणाला, "भारी दिसतंय गं." आणि इथंच ही बाई चुकली. कुठला रंग यावर भांडली, रंग कशाला यावर भांडलीच नाही. डाग सुंदर काढला म्हणून तो काय नक्षी होतो?

मंडळाच्या वधूवर मेळाव्यात हिराबाईनं लेकीचाही फॉर्म भरला होता. कुणालीचं स्वतःचं कार्ड जांभळं झालं, आणखी बेचाळीस जणींबरोबर.

दिवाळीनंतर एकदा ती आसनगावहून शेअर रिक्षानं येत होती. शेजारी दोन बायका मोबाइल दोघींच्या मध्ये धरून पोरी बघत होत्या. एक म्हणाली, "ही बघ गो, नाकीडोळी नीटस हाय." दुसरीनं चष्मा वर केला. "अगो जांभळी हाय ती. पुढं सार." आणि सारलं. पुढं लग्नाबारशात, बाजारात, शेतावर तो शब्द तिच्या कानावर पडतच राहिला. अमक्याची भावजय जांभळी. तमक्यानं जांभळी केली. पाटाची म्हणायला निदान पूर्वी लोक आवाज खाली करायचे. जांभळी म्हणायला त्यांना काहीच वाटत नव्हतं, कारण तो तर नुसता रंग.

अशात वाल्मिक आला. सरळगावचा, मुरबाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, बायको बाळंतपणात गेलेली, चार वर्षांची मुलगी काजल. अॅपात त्याचा फोटो चढत नव्हता म्हणून पहिली पाळी संपवून तो थेट ऑफिसात आला. कुणालीनं फोटो लहान करून चढवून दिला. त्यानं मोबाइल घेतला, दारात गेला, उन्हात धरून बघितला आणि परत आत आला. "बाकीची अॅपं बाहेर बघितली तर काय दिसत नाय. हे दिसतं. कोणी केलं?"

"मी."

"डोकं लावलंय," तो म्हणाला.

एवढंच. पण इतक्या वर्षांत त्या खोलीत हे कुणी बोललं नव्हतं. तिला तो आवडला. आता आवडला म्हणजे आवडला, त्याला काय कारणं मागता? तो मग पुन्हा आला, पुन्हा आला. फोनवर बोलणं सुरू झालं. काजल जेवत नाही, काजल पावडर लावून दे म्हणते, असलं काहीबाही. कुणाली रात्री आडवी पडली की सरळगावच्या न बघितलेल्या घरात भांडी लावायची. चार वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी स्वतःसाठी हवंसं झालं होतं, आणि ते हवंय हे तिनं हिराबाईलाही सांगून टाकलं.

अडचण एकच, वाल्मिकची आई सुंदरा. घरात तिचा शब्द चालायचा. तिला वाचता येत नव्हतं. अॅप तिला मंडळानंच शिकवलं होतं, पांढरं असलं तर बघायचं, जांभळं असलं तर सारायचं. सुनेसाठी ती रोज दुपारी पोरी बघायची आणि कुणालीचं कार्ड तिनं दोनदा सारलं होतं. वाल्मिक शेजारी बसून बघत होता.

"मंग बोलला नायस?" कुणालीनं विचारलं.

"एकदा तिला तुझा फोटो बघू दे नीट. बघितलंन की तिला आवडशील. पुढचं मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी प्रणय जेवायला गेल्यावर कुणालीनं ते काम केलं. एका ओळीचं काम. फक्त स्वतःच्या कार्डाचा रंग काढता आला असता, पण बाकीच्या बेचाळीस जणींना मागं ठेवून एकटीनं पांढरं व्हायला तिचं मन धजेना. सगळ्यांचा काढला. 'पुनर्विवाह' हा शब्द होता तिथंच ठेवला, त्याला हातही लावला नाही. खोटं काही केलं नव्हतं तिनं. वाल्मिकला फोन करून सांगितलं, "आता रंग दिसणार नाय. आईला फोटो दाखव. पण पाटाचं तू तुझ्या तोंडानं सांग. इथं यायच्या आधी सांग."

"सांगतो ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात."

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, माणसं आटगावला बघायला आली. सुंदरा, वाल्मिक आणि काजल. हिराबाईनं अंगण सारवलं होतं, पोह्यावर खोबरं पेरलं होतं. सुंदरा बाई मोकळी निघाली. आल्या आल्या तिनं कुणालीचा हात हातात घेतला, फोटोपेक्षा चांगली हाय म्हणाली. काजल तर थेट कुणालीच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या बांगड्या मोजायला लागली. कुणालीनं वाल्मिककडं बघितलं. तो पोहे खात होता. तिला वाटलं, म्हणजे सांगितलंय यानं, आणि तरीही आल्यात. तिचे डोळे भरून आले.

सुंदरा कौतुकानं म्हणाली, "एवढी गुणाची पोर अजून रायली कशी गो?"

"रायली कुठं बाय?" हिराबाई सरळ बाई, सरळ बोलली. "पैलं घर मोडलं ना तिचं. जावई आवणीत तापानं गेले. तुमाला ठावच आसंल."

सुंदराच्या हातातली बशी तशीच राहिली. "पण कार्डाला रंग नव्हता," ती म्हणाली. मग लेकाकडं वळली. "तुला ठाव व्हतं?"

वाल्मिकनं मान खाली घातली. पोह्यातला शेंगदाणा बोटानं बाजूला सारला. आणि म्हणाला, "मला काय म्हाईत? कार्ड पांढरंच होतं."

कुणालीच्या मोबाइलमध्ये त्याचे महिनाभराचे मेसेज होते. मोबाइल तिच्या हातात होता. तिनं तो उघडला नाही. दाखवून मिळणार काय होतं? फार तर एक घाबरट माणूस आईच्या धाकानं, हो, माहीत होतं, म्हणाला असता. तिला त्या क्षणी त्याचा राग आला नाही, शिसारी आली. बायको मेलेला, पोर पदरात असलेला हा बाप्या पांढऱ्या कार्डावर बसून तिच्या पांढऱ्या कार्डाकडं बोट दाखवत होता.

सुंदरानं काजलला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. पोर रडायला लागली. "पोर तुमची वाईट नाय," ती हिराबाईला म्हणाली, "पण फसवून नको व्हतं." आणि तिघं गेली. आता सुंदराला तरी काय बोलायचं? तिच्या दृष्टीनं तिला फसवलंच होतं. फसवणारा तिचा स्वतःचा लेक होता, आणि तो तिची चप्पल उचलून देत होता.

सुंदराची तक्रार मंडळात पोचली आणि सोमवारी अकराच्या ठोक्याला देवजीनाना ऑफिसात हजर. प्रणय म्हणाला, "नाना, टेक्निकल प्रॉब्लेम झाला होता," आणि कुणालीकडं असं बघितलं की नानांना पुढं विचारायची गरजच पडली नाही. तिचं कार्ड नानांनी येतानाच बघून ठेवलं होतं.

"तू पण त्यातलीच," नाना म्हणाले. "मंग तर तुला जास्त कळाया पायजे. मंडळाची इज्जत गेली ना."

"नाना, बिजवरांना पण लावते मग," कुणाली म्हणाली. "तो वाल्मिक पण दुसरेपणाचाच. एका ओळीचं काम हाय. आत्ता करते. मग कोणाची फसगत नाय होणार."

नाना प्रणयकडं वळले. म्हणाले, "तुझी पोर फार शिकलेली दिसते."

"कुणाली," प्रणय म्हणाला, "रंग लाव. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो."

आटगावात राहून रंग लावायचं दुसरं काम तिला कुणी देणार नव्हतं, आणि घरात दोघींचं चुलीवरचं तिच्याच जिवावर होतं. तिनं लावला. नाना खुर्चीमागं उभं राहून बघत होते. "जरा गडद कर," ते म्हणाले. "म्हातारीकोतारीला दिसाया पायजे." तिनं गडद केला. "अजून." तिनं अजून केला. कारवी गेली आणि काळ्या वांग्यासारखं काहीतरी झालं. नाना म्हणाले, आता बरं.

घरी जेवताना हिराबाई एवढंच म्हणाली, "तुझं तेवढं काढून टाक गो त्या मोबाइलातनं. नको आपल्याला." कुणालीनं स्वतःचं कार्ड त्याच दिवशी काढलं. बेचाळीस राहिली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी जिना चढून एक बाई वर आली. सव्वीसेक वर्षांची, डोळखांबकडची, सकाळच्या एसटीनं आलेली. मैना नाव सांगितलं. दारातच चप्पल काढून उभी राहिली. प्रणय आत काचेच्या केबिनमध्ये होता, त्यानं तिथून बघितलं आणि मान खाली घातली. कुणालीनं तिला बसा म्हटलं, पाणी दिलं.

"मंडळात विचारलं तर बोलले, शापूरला हितं करतात," मैना म्हणाली. "बाय, मधी आठ दिस माझ्या कार्डाला रंग नव्हता. वरीसभर एक फोन नाय, आनि त्या आठ दिसांत तीन आले. वाशिंदचं येक स्थळ तर घरी आलं. मी त्यांना समदं सांगितलं व्हतं, नवरा गेलेला, पोरगा हाय, समदं. तो माणूस बोलला, चालंल. त्याची आई पन बोलली, चालंल. सोमवारी रंग आला. मंगळवारी त्यांचा फोन आला."

"काय म्हणाले?"

"बोलले, आमाला ठाव व्हतं गो, पन आता पावन्यांनी मोबाइलात बघितलं. चार लोकांत कसं करायचं?" मैनानं पदर तोंडाला लावला, मग काढला. ती रडत नव्हती. "तर हा रंग कोन लावतं? मला त्यांना भेटायचं हाय. मी हातापाया पडते. माझं नाय तर नाय, पन माझ्या पोराला घर व्हईल."

कुणालीच्या पुढं स्क्रीनवर तीच फाइल उघडी होती. मैनानं बघितलं असतं तरी तिला त्यातलं काही कळलं नसतं. कुणालीनं काचेआड प्रणयकडं बघितलं, मग आटगावच्या घराकडं मनातल्या मनात बघितलं, आणि तिच्या तोंडून शब्द निघाले ते इतके सहज निघाले की तिलाच त्याची भीती वाटली.

"ते वरून येतं ताई. मुंबईच्या कंपनीकडून. आमच्या हातात काय नाय."

"तुमी सांगून बघाल त्यांना?"

"सांगते ना," कुणाली म्हणाली.

मैना उठली. पायात चप्पल घातली. खाली उतरायच्या आधी वळून तिनं कुणालीच्या दंडाला हात लावला. "तुमी बसा तरी बोललात बाय. मंडळात तेवढं पन कोन बोललं नाय. तुमचं भलं व्हईल."

आणि कुणालीनं ते ऐकून घेतलं.